पेंग्विन बघायला जायचंय, पण नेमकं कधी?

प्रश्न : आम्ही दोघं रिटायर झालोय, अर्जेंटिनातल्या उशुआयाहून निघणारी अंटार्क्टिकाची एक्स्पिडिशन क्रूझ करायची म्हणतोय. नोव्हेंबरात जावं की जानेवारीत? आणि ड्रेक पॅसेजमधे, म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिकाच्या मधल्या समुद्रात काय करायचं, ह्यांना बोट लागते.

उत्तर : पिल्लं बघायची असतील तर जानेवारीच. नोव्हेंबरात बर्फ अगदी कोरा असतो, जेंटू पेंग्विन एकमेकांच्या घरट्यातले दगड पळवत असतात, बघायला मजा येते पण पिल्लं नसतात. जानेवारीत पिल्लं मिळतात आणि सोबत वासही, क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे छोटे जीव खाऊन खाऊन विष्ठा गुलाबी झालेली असते आणि किनाऱ्यावर सगळीकडे तीच, त्याची तयारी ठेवा.

बुक करताना किमतीच्या आधी जहाजावर प्रवासी किती ते विचारा. ५०० च्या वर असतील तर किनाऱ्यावर उतरवतच नाहीत, आणि उतरले तरी एका ठिकाणी एका वेळी १०० जणच, म्हणजे छोटं जहाज असेल तर वाट बघण्यात वेळ जात नाही. पक्ष्यांपासून ५ मीटर लांब राहायचं, आणि बर्ड फ्लूमुळे हल्ली जमिनीवर बसायचं नाही, गुडघेही टेकायचे नाहीत, त्यामुळे लोळून फोटो काढायचा विचार असेल तर सोडून द्या.

आता ड्रेक. ह्यांच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून आधीच घेऊन ठेवा, पण ते दोन दिवस केबिनमधे घालवू नका हो, समुद्री पक्षी तिथेच दिसतात! मागच्या डेकवर उभं राहा. वाँडरिंग अल्बट्रॉस, पंख पसरले की ३ मीटरच्या वर, आणि पंख न हलवताच वाऱ्यावर लाटेच्या कडेने खाली येतो, वळतो, परत वर जातो, कितीतरी वेळ हेच. केप पेट्रेल काळेपांढरे, ठिपक्याठिपक्यांचे, लगेच ओळखू येतात. माझा लाडका मात्र विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल, इवलासा, पाण्यावर पाय टेकवत टेकवत पळतो, आणि तिकडे हिवाळा आला की उत्तरेला निघतो तो थेट आपल्या अरबी समुद्रापर्यंतसुद्धा येतो.

प्रश्न : एम्परर पेंग्विन दिसतील का? आणि राणीच्या बागेतले तिथलेच ना?

उत्तर : नेहमीच्या रूटवर एम्परर धरून चालू नका. जेंटू, चिनस्ट्रॅप, अडेली हे दिसतात. किंग पेंग्विन हवे असतील तर साउथ जॉर्जिया बेटावाली लांबची ट्रिप घ्या, खर्च वाढतो पण एकेका किनाऱ्यावर हजारोंनी असतात. राणीच्या बागेतले हम्बोल्ट, म्हणजे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, अंटार्क्टिकाशी त्यांचा काही संबंध नाही.