दारापर्यंत गेले आणि परत आले

प्रश्न : ताई, मी अमेरिकेत पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणारं कम्युनिटी कॉलेज केलं, 4 पैकी 3.7 जीपीए (ग्रेडची सरासरी) होता, आणि ऑगस्टपासून युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला ट्रान्सफर झालेय. तिकडे वर्गात पंचवीस-तीस जण, सरांना माझं नाव पाठ होतं, इथे तीनशेचा हॉल. स्टॅटिस्टिक्सच्या मिडटर्मला 100 पैकी 54 पडले. सगळ्यांचे ग्रुप पहिल्या वर्षापासूनचे, मी एकटीच जेवते. प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सना, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटायच्या वेळेत, गेले होते, दारावरचा कागद वाचला आणि परत आले, काय विचारायचं तेच सुचेना. घरी मस्त चाललंय असं सांगितलंय. माझी लायकीच नव्हती का इथे यायची?

उत्तर : अगं, लायकीचं आधी बोलू, कारण तेच तुला आतून खातंय. हे इतक्या जणांचं होतं की त्याला नावच आहे, ट्रान्सफर शॉक. जॉन हिल्स नावाच्या संशोधकाने 1965 मध्येच लिहून ठेवलंय, की ज्युनियर कॉलेजमधून (आपलं अकरावी-बारावीचं नाही, तुझ्यासारखं दोन वर्षांचं कॉलेज) आलेल्यांचे मार्क पहिल्या टर्मला घसरतात आणि पुढे बहुतेकांचे परत वर येतात. आणि घसरतात का, तर तिकडे दर आठवड्याला होमवर्क, छोट्या क्विझ, चुकलं तर लगेच कळायचं, इथे दोन मिडटर्म आणि एक फायनल, पेपर कसा काढतात हे कळेपर्यंत अर्धी टर्म संपलेली असते. तुझ्या शेजारी बसलेल्यांनी ही ठेच पहिल्या वर्षाला खाल्लीये, तुला ती थेट तिसऱ्या वर्षाला लागली, एवढाच फरक आहे गं.

आता त्या दाराचं. मला तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त तेच टोचलं. मोठा प्रश्न घेऊन जायचं असतं असं तुला वाटतंय, पण नाही, तो मिडटर्मचा पेपरच हातात घेऊन जा, जिथे सगळ्यात जास्त मार्क गेले त्या एका गणितावर बोट ठेव आणि म्हण, "मी या टर्मला ट्रान्सफर होऊन आलेय, हे मी असं सोडवलं, कुठे चुकलं ते दाखवाल का?" बस्स, पुढचं ते बोलतील. ती वेळ त्यांनी तुमच्यासाठीच ठेवलेली असते, आणि बरेचदा कोणी येतच नाही. तरीही पाय जड झाले तर आधी टीएकडे, म्हणजे प्रोफेसरांच्या शिकवणाऱ्या मदतनिसाकडे जा, तेही चालेल.

जीपीएबद्दल एक गोष्ट कोणी तुला सांगितली नसेल. बऱ्याच युनिव्हर्सिटी जुने क्रेडिट (पूर्ण केलेल्या कोर्सचे गुणांक) घेतात पण जुना जीपीए घेत नाहीत, मीटर शून्यापासून. म्हणून आत्ता एकेक ग्रेड इतका जड वाटतो. पण हिशोब करून बघ, या टर्मला 12 क्रेडिट 2.7 ने गेले आणि पुढच्या टर्मला 15 क्रेडिट 3.5 ने केलेस तर एकत्र 3.14 होतात. एका टर्मची गोष्ट आहे.

कोर्स सोडावा असं मनात येत असेल तर विड्रॉची, म्हणजे कोर्स मध्येच सोडायची, शेवटची तारीख आजच बघ, मग ग्रेडच्या जागी नुसता डब्ल्यू लागतो, तो जीपीएत धरत नाहीत. मात्र स्टुडंट व्हिसावर असशील तर 12 क्रेडिटच्या खाली जाण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारल्याशिवाय काहीही करू नकोस, हे कळकळीने सांगतेय. आणि जुन्या कॉलेजचा एखादा कोर्स मेजरमध्ये (मुख्य विषयात) न धरता नुसता इलेक्टिव्हमध्ये (ऐच्छिक विषयांत) टाकलाय का तेही ॲडव्हायझरकडून तपासून घे, तसं असेल तर जुना सिलॅबस जोडून अर्ज करता येतो, म्हणून जुने सिलॅबस टाकून देऊ नकोस.

जेवायला सोबत लगेच मिळेल असं मी म्हणणार नाही. तीनशेच्या हॉलमध्ये मैत्री होत नाही, ती वीस जणांच्या डिस्कशन सेक्शनमध्ये, म्हणजे त्याच कोर्सच्या छोट्या वर्गात होते, तिथे दर वेळी त्याच जागेवर बस, शेजारच्या माणसाला गणित कसं केलंस एवढं विचार. ट्रान्सफर झालेले अजूनही असतात, फक्त चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं.

आणि आईला आज रात्री फोन कर. 54 चा आकडा पहिल्याच वाक्यात सांग, नाहीतर इकडचं तिकडचं बोलत राहशील आणि तो राहूनच जाईल.