कन्नडचा औट्रम घाट रुंद केला तर अपघात, ट्रॅफिक जाम कमी होतील का?

नुसता रुंद करून काही होत नाही हो. आम्ही कन्नडवाले चाळीसगावला जाताना घाट उतरतो तेव्हा खरी भीती उताराची असते, लोडेड ट्रकवाले सारखा ब्रेक दाबून धरतात, ब्रेकचे लायनर तापतात आन मग ब्रेक लागतच नाही, त्यामुळं वळणाआधी अशी गाडी वळवून थांबवायला खडी टाकलेला चढाचा एस्केप रॅम्प पायजे आन गाडी लहान गियरमधी उतरवायची सक्ती पायजे. 2021 च्या ऑगस्टमधी दरड कोसळून घाट बंद पडला होता, म्हणजे डोंगराला जाळ्या आन पाण्याला नीट नाल्या हे आधी. 2023 मधी हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं जड वाहनं बंद केली, बरं झालं, पण तो ताण दुसऱ्या रस्त्यावर गेला ना.

आन हे गौताळा अभयारण्य आहे भाऊ, बिबटे आहेत, 2021 ला तर यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातला वाघ चालत इथवर आला होता! रुंद रस्ता म्हणजे गाड्या अजून सुसाट. माझं मत बोगद्यालाच, वरून जनावरं मोकळी फिरतील. खर्च लई आहे, ते खरं. तोवर निदान रात्री गाड्या हळू जाव्यात म्हणून स्पीड ब्रेकर टाका आन मोऱ्या मोठ्या करा, त्याच्याखालून जनावरं जातात.