पटाशेजारी : रात्री साडेदहाचे डाव आणि आपली लेकरं

या वेळच्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयावरची आहेत. जगातले पहिल्या फळीचे खेळाडू आपापल्या घरी बसून संगणकावर एकमेकांशी बुद्धिबळाचे जलद डाव खेळतात, त्या स्पर्धा आता सेलू-औशाच्या घरांतही मोबाइलवर बघितल्या जातात. मी परभणीत मुलांना बुद्धिबळ शिकवते, जिल्ह्यातल्या स्पर्धांना पंच म्हणून बसते. हे प्रश्न मला वर्गाच्या दारातही ऐकू येतात, म्हणून उत्तरं थोडी सविस्तर देते आहे.

माझी मुलगी आठवीत आहे. रात्री एक-दीडपर्यंत मोबाइलवर कार्लसन, प्रज्ञानंद यांचे डाव बघत बसते आणि सकाळी शाळेला उठत नाही. मोबाइल काढून घेतला की रडते, म्हणते प्रज्ञानंदसुद्धा रात्रीच खेळतो. तिचे वडील म्हणतात, हा खेळच बंद करा. मी काय करू?
— एक आई, सेलू

ताई, खेळ बंद करू नका. जागरण मात्र बंद करा.

मुलगी म्हणते ते खरं आहे. या स्पर्धांची वेळ युरोपच्या सोयीने ठरते. तिकडे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे थंडीत साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ झालेले असतात. फेब्रुवारी 2022 मध्ये एअरथिंग्ज मास्टर्स या ऑनलाइन स्पर्धेत प्रज्ञानंदने काळ्या मोहऱ्यांनी तेव्हाच्या जगज्जेत्या कार्लसनला 39 चालींत हरवलं, तेव्हा तो 16 वर्षांचा होता आणि चेन्नईत मध्यरात्र उलटून गेली होती. त्याच वर्षी मे महिन्यात चेसेबल मास्टर्समध्ये अनिश गिरीला हरवून तो अंतिम फेरीत गेला. डाव संपले तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि सकाळी पावणेनऊला त्याला अकरावीच्या परीक्षेसाठी शाळेत हजर व्हायचं होतं. तुमच्या लेकीने हे कुठेतरी वाचलं असणार आणि तिला ते भारी वाटलं असणार. मलाही वाटतं.

पण तिला एक फरक समजावून सांगा. तो जागत होता, कारण त्याची चाल होती. तिची चाल नाही. तो डाव सकाळी पळून जात नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या सगळ्या चाली फुकट मिळतात. उलट रात्री बघताना खेळाडूने चाल केली रे केली की पडद्याच्या कडेचा पट्टा वरखाली होतो, कोण वरचढ ते संगणक सांगून टाकतो, आणि मुलांची नजर पट सोडून त्या पट्ट्यावरच खिळते. तासन्‌तास बघूनही डोक्यात काही उरत नाही ते यामुळे.

आम्ही वर्गात काय करतो ते सांगते. डावाच्या चाली वहीत उतरवून घ्यायच्या, त्यावर पुठ्ठा ठेवायचा, आणि समोर खरा पट मांडायचा. पुठ्ठा एकेका ओळीने खाली सरकवायचा. दर चालीआधी मुलाने स्वतःची चाल ठरवून वहीच्या कडेला पेन्सिलीने लिहायची, मगच पुठ्ठा हलवायचा. त्या मे महिन्याच्या स्पर्धेतला प्रज्ञानंद-कार्लसन डाव आम्ही असाच केला. तो बरोबरीच्या रस्त्याला लागला होता, आणि चाळिसाव्या चालीला कार्लसनने काळा घोडा चुकीच्या घरात टाकला. एका मुलीने पुठ्ठा सरकवला, चाल वाचली, परत वाचली आणि म्हणाली, "मॅडम, मी उतरवताना चुकले वाटतं." जगज्जेता असं खेळेल हे तिला पटेना. पट पाहून खात्री झाल्यावर ती चाल चूक का, हे तिने स्वतः शोधून काढलं. त्यात तिचा बराच वेळ गेला, आणि तो तिला कुणी कमी करायला सांगितला नाही.

तेव्हा ताई, रात्री दहाला मोबाइल तुमच्या उशाशी आणि रविवारी सकाळी पट, वही, पुठ्ठा. एकदा तिच्या वडिलांनाही समोर बसवा.

जलद बुद्धिबळ म्हणजे नेमकं किती जलद? मीही मोबाइलवर रोज एक मिनिटाचे डाव खेळतो. मोठे खेळाडू खेळतात ते हेच ना? आणि त्यांची बरोबरी झाली तर ती कशी सोडवतात?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, अंबाजोगाई

नाही, हे ते नव्हे. सगळा घोळ इथेच होतो, म्हणून नीट लक्ष दे.

जागतिक संघटना फिडेच्या नियमांप्रमाणे प्रत्येक खेळाडूला दहा मिनिटांहून जास्त आणि साठ मिनिटांहून कमी वेळ मिळाला तर तो जलद डाव. दहा मिनिटं किंवा त्याहून कमी म्हणजे अतिजलद. 2020 मध्ये टाळेबंदीत सगळ्या स्पर्धा थांबल्या तेव्हा कार्लसनच्या नावाने आठ खेळाडूंची ऑनलाइन स्पर्धा भरली. कार्लसन, नाकामुरा, कारुआना, डिंग लिरेन, नेपोम्नियाची, गिरी, फिरूझा आणि वाशिए-लाग्राव्ह असे आठ जण, बक्षिसांची रक्कम अडीच लाख डॉलर. अंतिम फेरीत कार्लसनने नाकामुराला हरवलं. तिथे प्रत्येकाला पंधरा मिनिटं आणि दर चालीला दहा सेकंद वाढीव, असं घड्याळ होतं. पुढे या स्पर्धांची मालिका झाली तेव्हाही बराच काळ तेच घड्याळ राहिलं.

आता हिशेब कर. पंधरा मिनिटांचे 900 सेकंद, चाळीस चालींचे वाढीव 400. म्हणजे चाळीस चालींना 1300 सेकंद, सरासरी चालीला बत्तीस सेकंद. तुझ्या एक मिनिटाच्या डावात चालीला दीड सेकंद येतो. दीड सेकंदात कुणीही विचार करत नाही, बोट सवयीने हलतं. जी सवय आहे तीच पक्की होते, आणि आपल्या सवयी अजून कच्च्या आहेत.

ही मोठी मंडळीही एक मिनिटाचे डाव खेळतात, हे खरं. पण लहानपणापासून चार-चार, पाच-पाच तासांचे डाव पटावर बसून खेळल्यावर ती नजर त्यांना आली. घोडा कुठे अडकेल हे त्यांना शोधावं लागत नाही, दिसतं. तुला ती नजर हवी असेल तर पंधरा मिनिटं अधिक दहा सेकंद हे घड्याळ लाव आणि दिवसाला एकच डाव खेळ. हरलास तरी लगेच दुसरा सुरू करू नकोस, आधी हरलेला डाव पटावर परत मांड. वाढीव दहा सेकंदांची किंमत शेवटी कळते. राजा आणि दोन प्यादी उरली आहेत, घड्याळात अकरा सेकंद आहेत, तरीही नीट मोजून जिंकता येतं. एक मिनिटाच्या डावात तिथे फक्त घाई उरते.

तू बरोबरी सुटण्याची पद्धतही विचारली आहेस. चार जलद डावांनंतर गुण सारखे राहिले, तर 2022 च्या मालिकेत दोन अतिजलद डाव व्हायचे आणि तरीही तिढा सुटला नाही तर एक निर्णायक डाव. त्यात पांढऱ्याला पाच मिनिटं, काळ्याला चार, पण बरोबरी झाली तर काळा जिंकला असं धरायचं.

आमच्या गावात लाइट कधी जाईल सांगता येत नाही आणि रेंजही तशीच. ऑनलाइन स्पर्धेत जिंकत असताना नेट गेलं तर मोठ्या स्पर्धांत काय करतात? आमच्यासारख्यांनी उतरावं का?
— एक तरुण शेतकरी, औसा तालुका

भाऊ, नेट गेलं तरी घड्याळ थांबत नाही. नियम कठोर आहे आणि तो सगळ्यांना सारखा आहे.

2020 मध्ये चेसेबल मास्टर्सच्या उपांत्य फेरीत डिंग लिरेन चीनमधून खेळत होता, समोर कार्लसन. डाव बरोबरीकडे चालला होता आणि डिंगची जोडणी तुटली. वेळ संपली, डाव गेला. पुढच्या डावात कार्लसनने सुरुवातीलाच आपला वजीर मुद्दाम मारायला देऊन डाव सोडला आणि हिशेब सारखा केला. नियमाने त्याच्यावर तसं बंधन नव्हतं. मी मुलांना खिलाडूवृत्ती शिकवताना व्याख्या सांगत नाही, हा डाव सांगते.

त्याच वर्षी 30 ऑगस्टला ऑनलाइन ऑलिंपियाडची भारत-रशिया अंतिम लढत होती. आपला कर्णधार नाशिकचा विदित गुजराथी. पहिली फेरी 3-3 अशी सुटली. दुसऱ्या फेरीत निहाल सरिन आणि आपल्या नागपूरची दिव्या देशमुख यांची जोडणी तुटली आणि वेळ संपल्याने दोघांचेही डाव गेले. त्या दिवशी इंटरनेटचा बिघाड जगभर होता. भारताने दाद मागितली आणि फिडेने दोन्ही संघांना सुवर्णपदक दिलं. दिव्या तेव्हा 14 वर्षांची होती. पुढे 2025 मध्ये बातुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत तिने कोनेरू हम्पीला हरवलं, तेही बरोबरी सोडवायच्या जलद डावांत, आणि तिथेच ती ग्रँडमास्टर झाली.

तुम्ही उतरा, जरूर उतरा. बुद्धिबळाच्या चालीला डेटा नगण्य लागतो, साध्या रेंजवरही डाव निभतो. डेटा खातो तो कॅमेरा आणि घरातल्या दुसऱ्या मोबाइलवर चाललेला व्हिडिओ. राउटर असेल तर त्याला छोटा बॅकअप लावा. दुसऱ्या कंपनीचं सिम घातलेला फोन हॉटस्पॉटसाठी शेजारी ठेवा. ज्या फोनवर खेळता त्यावर कुणाचा कॉल येणार नाही अशी सोय करा. कॉल आला की काही फोनमध्ये नेट तुटतं. आणि घड्याळात नेहमी दोन-तीन मिनिटं राखून खेळा. लाइट जाऊन येईपर्यंत तेवढाच आधार.

आमच्या शाळेतला एक मुलगा ऑनलाइन अचानक फार चांगला खेळू लागला आहे. मला शंका येते. मोठ्या स्पर्धांत फसवणूक कशी रोखतात?
— शिक्षक, नांदेड

सर, तुमचा प्रश्न नाजूक आहे, आणि तुम्ही आधी विचारलंत हे फार बरं केलंत.

आज खिशातल्या फोनमधला बुद्धिबळाचा प्रोग्रॅम जगज्जेत्यालाही हरवतो. म्हणून मोठ्या ऑनलाइन स्पर्धांत खेळाडूच्या चेहऱ्यावर एक कॅमेरा असतो, खोली दिसेल असा बाजूने दुसरा लावतात, पडदा पंचांना दिसत राहतो. डाव झाल्यावर चाली संगणकाच्या चालींशी ताडून बघतात. एवढं करूनही संशय उरतोच. सप्टेंबर 2022 मध्ये अमेरिकेत पटावरच्या स्पर्धेत हान्स निमनकडून हरल्यावर कार्लसन स्पर्धेतून निघून गेला. त्याच महिन्यात ज्युलियस बेअर जनरेशन कप या ऑनलाइन स्पर्धेत निमन समोर आला, तेव्हा त्याने एक चाल करून डाव सोडून दिला. लहान वयात ऑनलाइन फसवणूक केल्याचं निमनने कबूल केलं, पटावर कधीच केली नाही असंही ठामपणे सांगितलं. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं आणि 2023 मध्ये मिटलं. योग्य कारणाशिवाय स्पर्धा सोडली म्हणून फिडेने कार्लसनला 10,000 युरो दंड केला. पटावर फसवणूक झाली, हे मात्र सिद्ध झालं नाही.

जगातल्या पहिल्या खेळाडूच्या संशयाची ही गत होते, तर आपण शाळेतल्या लेकराबद्दल चारचौघांत बोलताना शंभरदा विचार करावा. त्या मुलाला शेजारी बसवा आणि त्याने जिंकलेला डाव पटावर मांडायला सांगा. "इथे उंट का आणलास? हत्ती आणला असता तर?" ज्याने स्वतः खेळलं तो उत्साहाने सांगत सुटतो, चुकीची का होईना पण कारणं देतो. ज्याची चाल उसनी आहे त्याच्याकडे कारण नसतं. तसं आढळलं तर एकट्यात बोला, घरी बसून पटावर खेळायला सोबती द्या. पोरं बहुतेकदा हरण्याची लाज वाटते म्हणून त्या वाटेला जातात. आणि तो खरंच सुधारला असेल, तर तुमच्या शाळेला चांगला खेळाडू मिळाला.

ऑनलाइन जिंकून मानांकन मिळतं का?
— पालक, जालना

पटावरच्या डावांचं फिडे मानांकन, म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा आकडा, ऑनलाइन डावांतून मिळत नाही. त्यासाठी फिडेकडे नोंदलेली स्पर्धा प्रत्यक्ष पटावर खेळावी लागते आणि मानांकन असलेल्या किमान पाच खेळाडूंशी डाव व्हावे लागतात. मार्च 2024 पासून मानांकनाची सुरुवातच 1400 पासून होते. तेव्हा ऑनलाइन 1600 दिसतात म्हणून थेट मोठ्या स्पर्धेचा प्रवासखर्च करू नका. आधी जिल्हा संघटनेच्या स्पर्धेत बसवा.

मी सत्तरीचा आहे. नातवाबरोबर हे डाव बघायचे आहेत, पण चाली फार पटपट होतात. कुठून सुरुवात करू?
— एक आजोबा, हिंगोली

काका, फेब्रुवारी 2022 चा कार्लसन-प्रज्ञानंद डाव घ्या. 39 चालींचा आहे, दोन संध्याकाळी पुरेल. प्रज्ञानंद त्या स्पर्धेत बाद फेरीपर्यंतही पोचला नव्हता, हे नातवाला आधी सांगा, म्हणजे त्या एका डावाची किंमत त्याला कळेल. तुम्ही कार्लसनच्या पांढऱ्या मोहऱ्या घ्या, नातवाला काळ्या द्या. चाली लगेच वाचू नका, आधी एकमेकांना विचारा. त्यानंतर ऑक्टोबर 2022 च्या एमचेस रॅपिडमधले दोन डाव बघा, त्यात अर्जुन एरिगैसी आणि गुकेश यांनी कार्लसनला हरवलं. गुकेशही तेव्हा सोळाच वर्षांचा होता. मोहऱ्या जरा मोठ्या, लाकडी घ्या. तुमच्या डोळ्यांना बऱ्या पडतील.