शाळेच्या गेटवर राज्यघटना कितपत चालते?

गेल्या अंकात 'शाळा-कॉलेजातले हक्क' यावर प्रश्न पाठवा म्हटलं होतं, इनबॉक्स भरून गेला. निम्मे मेल एकाच वाक्याने सुरू होतात, "हा आमच्या मूलभूत हक्काचा भंग नाही का?" कधी असतो, कधी नसतो, आणि बऱ्याचदा मोडलेला असतो तो साधा कायदा, जो घटनेपेक्षा लवकर कामाला येतो. त्यातली चार पत्रं घेतलीयेत, थोडी कापून.

प्रश्न: मुलगी सातवीत आहे, विनाअनुदानित शाळा. मिस्टरांचं काम सुटलं आणि दोन हप्ते थकले. चाचणीच्या दिवशी शाळेने तिला वर्गातून उठवून लायब्ररीत बसवलं, तिच्यासारखी अजून तीन पोरं होती. घरी येऊन पाण्याची बाटली फेकली आणि जेवलीच नाही. आता शाळा बदलू म्हटलं तर पूर्ण फी भरल्याशिवाय दाखला देणार नाही म्हणतात. शिक्षण मोफत आहे ना घटनेत? - एक आई, नाशिक

उत्तर: ताई, आधी कडू ते सांगते. घटनेचं कलम २१-क म्हणतं की ६ ते १४ वर्षांच्या सगळ्या मुलांना राज्याने मोफत आणि सक्तीचं शिक्षण द्यायचं. यातला 'राज्याने' हा शब्द सगळे गिळून टाकतात. आपण स्वतः निवडलेल्या विनाअनुदानित शाळेची फी या कलमाने माफ होत नाही, प्रवेश २५ टक्क्यांच्या कोट्यातून (खासगी शाळांत दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी राखीव जागा) असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे थकलेली फी हे देणं आहेच, शाळा ते मागू शकते, वकिलाची नोटीसही पाठवेल. पण मागायची ती तुमच्याकडे, बारा वर्षांच्या पोरीकडे नाही! आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी घालतं, आणि चार पोरांना सगळ्या वर्गादेखत उठवून 'फी न भरलेले' म्हणून वेगळं बसवणं हा छळ नाही तर काय आहे ते शाळेनेच लिहून द्यावं. कलम १६ सांगतं की आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ साली याच कलमात दुरुस्ती होऊन नापास करायची वाट मोकळी झाली, त्यामुळे लोकांना वाटतं कलमच गेलं, पण काढून टाकण्यावरची बंदी तशीच आहे.

आता दाखला. आरटीईच्याच कलम ५ नुसार मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचं असेल तर आधीच्या मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो, आणि तो मिळायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. एका विनाअनुदानित शाळेतून दुसऱ्या विनाअनुदानित शाळेत जायचं असेल तर मात्र हे कलम तुमच्या मदतीला येत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

करायचं काय? हायकोर्टात रिट करा असं सांगणारे खूप भेटतील, वकिलाच्या फीमध्ये शाळेची फी भरून निघेल. त्यापेक्षा दाखल्याचा अर्ज दोन प्रतींत लिहा, तारीख टाका, ऑफिसात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. क्लार्क "मॅडम मीटिंगमध्ये आहेत, ठेवून जा" म्हणेल, ठेवून यायचं नाही. पोच देतच नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा, पावती जपा. मी माझ्या पोराच्या वेळी एका शाळेत अर्ज नुसता टेबलावर ठेवून आले होते आणि दोन महिन्यांनी "तुमचा अर्ज आलाच नाही" असं ऐकून घेतलं, वकील असून! पुढची पायरी आरटीईचं कलम ३२, स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार, म्हणजे तुमच्याकडे महापालिकेचा शिक्षण विभाग. दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, नाही पटला तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील.

आणि हो, ही कवचं आठवीपर्यंतचीच आहेत आणि मुलगी सातवीत आहे, तेव्हा पुढच्या वर्षी बघू म्हणू नका. हा हक्क आपल्याकडे आला तोही रखडत आला. गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं बिल मांडलं ते पडलं, शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात तेच करून दाखवलं, १९५० साली घटनेने कलम ४५ मध्ये दहा वर्षांची मुदत घातली पण ते पडलं मार्गदर्शक तत्त्व, कोर्टात मागता न येणारं. १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सुप्रीम कोर्टाने १४ वर्षांपर्यंत शिक्षण हा मूलभूत हक्क म्हटलं, २००२ साली ८६वी घटनादुरुस्ती होऊन कलम २१-क आलं आणि आरटीई कायदा लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडलं.

प्रश्न: मुलगा आठवीत, अनुदानित शाळा. परिपाठात संस्थेची एक धार्मिक प्रार्थना असते, आमच्या घरात ते मानत नाहीत. तो हात न जोडता गप्प उभा राहतो म्हणून त्याला मैदानाच्या फेऱ्या मारायला लावल्या. सर म्हणतात वरून आदेश आहे. - एक वडील, सोलापूर

उत्तर: दादा, इथे मात्र घटना थेट तुमच्या बाजूने उभी आहे. कलम २८(३): सरकारी मान्यता असलेल्या किंवा सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही, मूल अज्ञान (१८ वर्षांखालचं) असेल तर संमती पालकाची. नीट वाचा, हजर राहायलासुद्धा! तुमचा मुलगा तर उभाही राहतोय. एक पत्र द्या की आमची संमती नाही, दोन ओळी पुरे. फेऱ्यांचं म्हणाल तर वर नाशिकच्या ताईंना सांगितलेलं कलम १७ तुम्हालाही लागू आहे.

'वरून आदेश' यावर केरळची एक केस सांगायलाच हवी. १९८५ साली तिथल्या तीन भावंडांना शाळेतून काढलं, कारण राष्ट्रगीताला ती आदराने उभी राहायची पण त्यांच्या पंथाच्या श्रद्धेमुळे गायची नाहीत. हायकोर्टात हरली. १९८६ साली सुप्रीम कोर्टाने (बिजो इमॅन्युएल खटला) त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं, उभं राहणं हाच मान झाला, गायलाच पाहिजे असा कायदा नाही. शिक्षण खात्याची परिपत्रकं दाखवली गेली तर कोर्ट म्हणालं यांच्यामागे कुठलाच कायदा नाही आणि नुसत्या परिपत्रकाने मूलभूत हक्कावर बंधन घालता येत नाही. तेव्हा सरांना शांतपणे विचारा, आदेश कुठल्या कायद्याखाली आहे, प्रत मिळेल का? आवाज चढवू नका, पोराला तिथेच शिकायचंय. मुलाशी घरी बोलून घ्या मात्र, वेगळं पडायची भीती मोठ्यांपेक्षा त्यांना जास्त असते आणि हा लढा तुमचा की त्याचा हे त्यालाही कळलं पाहिजे.

प्रश्न: जवळ झेडपीची शाळा असेल तर खासगी शाळेत २५ टक्क्यांमधून नंबर लागत नाही असं एजंट सांगतो. खरं का? - एक पालक, जालना

उत्तर: तसा नियम आला होता खरा, फेब्रुवारी २०२४ मध्ये, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या २५ टक्क्यांतून सूट. मुंबई हायकोर्टाने तो जुलै २०२४ मध्ये रद्द केला, सुप्रीम कोर्टानेही ऑगस्टमध्ये तो निकाल कायम ठेवला. अल्पसंख्याक शाळांना मात्र आरटीई कायदाच लागत नाही, हा २०१४ चा सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाचा निकाल. बाकी अर्ज ऑनलाइन, प्रवेश लॉटरीने, मग एजंट नक्की कशाचे पैसे घेतोय?

प्रश्न: सेकंड इयरला एका विषयात ३१ मार्क, मला खात्री आहे पेपर नीट तपासला नाही. माझा पेपर बघायचा मला हक्क आहे का? - एक विद्यार्थिनी, अमरावती

उत्तर: आहे गं. २०११ साली सुप्रीम कोर्टाने सीबीएसईच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलं की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकारातली 'माहिती' आहे, विद्यार्थ्याला ती बघता येते आणि प्रतही मिळते. विद्यापीठाच्या जन माहिती अधिकाऱ्याला अर्ज कर, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लाव, झेरॉक्सचे पैसे वेगळे, उत्तराची मुदत ३० दिवस. तपासणाऱ्याचं नाव मिळणार नाही, आणि पेपर मिळाला म्हणजे आपोआप फेरतपासणी होत नाही, ती विद्यापीठाच्या नियमाने आणि त्यांच्या तारखेतच. त्यामुळे दोन्ही अर्ज एकदमच टाक. उत्तरपत्रिका ठरावीक काळाने नष्ट करतात, सीबीएसईच्या त्या केसमध्ये तो काळ तीन महिन्यांचा होता, तुझ्या विद्यापीठाचा किती ते उद्याच परीक्षा विभागात विचारून घे.