थंडीत लिथियम बॅटरी चार्ज करताना

निफाडच्या मळ्यातल्या शेडवर सोलरला जोडलेली 12 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी पारा पाच अंशांवर आला की चार्ज करावी का, आणि तीच जानेवारीत गाडीतून हिमाचलच्या गोठवणाऱ्या थंडीत, स्पितीला न्यावी का, असे आपण विचारले आहे. निफाडला चार्जिंग बंद ठेवण्याची गरज नाही, फक्त सकाळचा करंट कमी ठेवावा. स्पितीला मात्र तयारीशिवाय नेऊ नये.

चार्ज होताना लिथियमचे आयन सेलच्या, म्हणजे बॅटरीतल्या प्रत्येक घटकाच्या, ऋण टोकावरील ग्रॅफाइटच्या थरांत शिरतात. सेल गार असला की हे शिरणे मंदावते, आणि शून्याखाली करंट रेटत राहिला तर ते आत न जाता ग्रॅफाइटवर धातूचा थर होऊन बसतात. त्याने क्षमता कायमची घटते आणि पुढे सेल आतून शॉर्टही होऊ शकतो. वीज देण्याचे काम मात्र बहुतेक सेल उणे 20 अंशांपर्यंत करतात. म्हणून रात्री दिवे नीट लागले, तेव्हा बॅटरी चार्जिंगलाही तयार आहे, असे धरून चालू नये.

पारा हवेचा नव्हे, सेलचा पाहावा. गेल्या डिसेंबरात सकाळी नऊ वाजता बाहेर 16 अंश असताना माझ्या फरशीवरच्या बॅटरीला चिकटवलेला सेन्सर 9 दाखवत होता, आणि पॅनेलवर ऊन केव्हाच आले होते. तेव्हापासून बॅटरी लाकडी फळीवर, थर्माकोलच्या आडोशाला ठेवली आहे आणि सेल दहा अंशांवर जाईपर्यंत कंट्रोलरमध्ये (पॅनेलमधून बॅटरीत जाणारा करंट सांभाळणाऱ्या यंत्रात) 10 अँपिअरची मर्यादा घालतो. उत्पादकाच्या पत्रकात वेगळा आकडा असल्यास तोच पाळावा. कंट्रोलर पूर्वी लेड-अॅसिडवर चालत असेल, तर त्याचे तापमानानुसार व्होल्टेज वाढवणारे सेटिंग शून्य करावे, नाहीतर थंडीत तो या बॅटरीच्या नेहमीच्या 14.4 व्होल्ट चार्जिंगच्याही पुढे जाईल.

बीएमएसमध्ये (बॅटरीतल्या संरक्षक सर्किटमध्ये) थंडीचा कटऑफ, म्हणजे सेल फार गार झाल्यावर चार्जिंग आपोआप थांबवण्याची सोय आहे, या विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये. सेन्सर बाहेर काढता येत असेल तर तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, पॉट आइस्क्रीमला करतो तसे मीठ घातलेल्या बर्फात बुडवावा आणि चार्जिंग खरोखर थांबते का, हे स्वतः पाहावे.

स्पितीसाठी कटऑफ आणि बॅटरीखाली हीटिंग पॅड, दोन्ही हवेत. गाडीच्या अल्टरनेटरवरूनही (इंजिनावर चालणाऱ्या जनित्रावरूनही) चार्जिंग होत असते, हे पुष्कळदा ध्यानातून सुटते, म्हणून त्या लाइनलाही स्विच बसवावा. सेल गोठलेला असेल तर आधी पॅनेलची वायर सोडवावी; पॅनेल जोडलेले असताना बॅटरी काढल्यास कंट्रोलर जळू शकतो.