चर्च गरिबांना खरंच मदत करतात, की लोकांचा तो नुसता समज आहे?

करतात, आणि लोकांना ते ठाऊकही असतं. तरी संशय जात नाही, आणि बऱ्याचदा ही दोन्ही मतं एकाच माणसाची असतात. अमेरिकेत प्यू रिसर्च सेंटरच्या २०१४ च्या पाहणीत ८७ टक्के लोकांनी सांगितलं की गरीब-गरजूंना मदत करण्यात धार्मिक संस्थांचा महत्त्वाचा वाटा आहे. त्याच पाहणीत ५२ टक्क्यांना या संस्था पैसा आणि सत्तेच्या फार मागे लागलेल्या वाटत होत्या.

मला यात विसंगती दिसत नाही. चर्चच्या दानपेटीतला बराच पैसा पगारात आणि इमारतीच्या देखभालीत जातो. थेट गरिबांच्या हाती पडणारा वाटा त्या मानाने लहान असतो. त्यातून अमेरिकेत इतर बहुतेक धर्मादाय संस्था दरवर्षी कर खात्याकडे विवरणपत्र भरतात, पण चर्चना त्यातून सूट आहे. हिशेब झाकलेला राहिला की लोक बोलणारच!

पण उलट बाजूचं बरंच काही हिशेबाच्या वहीत येतच नाही. थंडीत बेघरांसाठी रात्री उघडा ठेवलेला हॉल, अन्नवाटपाला दर आठवड्याला न चुकता येणारी निवृत्त माणसं, एकट्या म्हाताऱ्यांकडे होणाऱ्या फेऱ्या. याची पावती कोण फाडणार?

जर्मनीत गैरसमज वेगळा. तिथे चर्चच्या सभासदांना आयकराच्या ८ किंवा ९ टक्के इतका चर्च-कर भरावा लागतो, त्यामुळे कारितास (कॅथलिक) आणि डियाकोनी (प्रोटेस्टंट) या चर्चच्या सेवासंस्थांची रुग्णालयं, वृद्धाश्रम त्याच पैशावर चालतात असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात त्यांचा बहुतांश खर्च सरकारी निधी आणि सामाजिक विम्यातून भागतो. ही सरमिसळ नवी नाही. इंग्लंडच्या १६०१ च्या कायद्यानेही गरिबांची जबाबदारी चर्चच्या पॅरिशवर, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या स्थानिक विभागावर टाकली, पण पैसा मात्र रहिवाशांकडून सक्तीच्या कराने गोळा केला.

आता मदतीच्या आडून धर्मप्रसार होतो, हा आक्षेप. श्रद्धेपोटी कुणी मदत करत असेल तर मला त्यात वावगं वाटत नाही. पण आधी प्रार्थनेला बसा, मग जेवण, असं असेल तर ते दान नाही, सौदा आहे. देणगी द्यायच्या विचारात असाल तर दोनच गोष्टी विचारा: धर्म न बघता मदत मिळते का, आणि वर्षाचा जमाखर्च दाखवाल का? दुसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली, तर मी पैसे देत नाही. फार तर वाटपाला हातभार लावायला जातो.