संबळ शिकायचाय? आधी गोंधळ्याशी मैत्री कर

तबला येतो म्हणून संबळ, म्हणजे गोंधळात काठ्यांनी वाजवायचं दोन तोंडांचं चर्मवाद्य, चार दिवसांत जमेल, असं मलाही वाटलं होतं. पंचवटीतल्या एका जागरण-गोंधळात एका गोंधळी काकांचा संबळ ऐकला आणि माझा ताठा उतरला. गेली पंधरा वर्षं आमची मैत्री आहे.

तू पहिल्याच भेटीत मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू करू नकोस. आधी संबळ उचलू लाग, शेकायला मदत कर. पावसाळ्यात कातडं दमट होऊन सैल पडतं, आवाज बसतो. किती शेकायचं ते नुसतं बघून कळत नाही, हाताला कळावं लागतं. दोन्ही तोंडांचे आवाज वेगळे, एकावर वाकड्या टोकाची काठी. तबल्यासारखी बोटं इथं चालत नाहीत, मनगट सैल सोड. तुणतुणं आणि झांज यांच्यासोबतच वाजव, एकट्याने मेट्रोनोमच्या (लय धरणाऱ्या यंत्राच्या) टिकटिकीवर नको.

चैत्रात सप्तशृंगी गडावर यात्रा भरते. काका निघाले तर मागं जा, रात्रभर बस. आणि हो, बिदागीचं आधी बोल. मी पहिल्यांदा त्यांना स्टेजवर नेलं तेव्हा आयोजकाने मला पाकीट दिलं, त्यांना नारळ. मी गप्प राहिलो. काका वर्षभर फोन उचलत नव्हते.